कॅमेरा बंद पडला, तर आधी काय बघायचं?

(वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

सकाळपासून आपण कायद्यावर बोललो, समुपदेशनावर बोललो. त्यात हा कॅमेऱ्याचा विषय कशाला, तो तर वायरमनचा, असं काही जणींना वाटत असेल. पण दीड-दोन हजार रुपयांत मिळणारा वायफायचा कॅमेरा आता चाळीत, बैठ्या घरात, फ्लॅटच्या दारावर सगळीकडे पोचला आहे. सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांच्या बोलण्यात तो दोन तऱ्हांनी येतो. वेगळी राहणारी बाई म्हणते, "नवरा रात्री येऊन दार बडवतो, म्हणून कॅमेरा लावला. नेमका त्या रात्री तो बंद होता." आणि सासरी राहणारी म्हणते, "त्यांनी घरात कॅमेरा लावलाय. तो बंद पडला की मीच बंद केला म्हणून माझ्या अंगावर येतात." घरकामाला जाणाऱ्या बायकांचंही हेच गाऱ्हाणं.

म्हणजे कॅमेरा कोणाचाही असो, तो बंद पडला की जाब बाईला विचारला जातो. तो कशाने बंद पडतो हे मात्र तिला कोणी शिकवत नाही. म्हणून आज हे शिकू या. त्यात अवघड असं काही नाही.

मुळात ही कल्पना एका बाईचीच आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाची एक कृष्णवर्णीय परिचारिका राहत होती. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा वेगवेगळ्या, त्यामुळे ती पुष्कळदा घरी एकटी असे. वस्तीत गुन्हे वाढलेले आणि पोलीस बोलावले तरी लवकर यायचे नाहीत. तिने नवऱ्याच्या मदतीने दाराला कॅमेरा, आत पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय, दूरून दार उघडायचं बटण अशी योजना तयार केली. १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ साली ते मिळालं. दार उघडायचं की नाही हे आतल्या बाईने ठरवावं, एवढ्यासाठी तो कॅमेरा होता. हे लक्षात ठेवा. पुढे आपल्याला ते लागणार आहे.

हात लावण्याआधी

कॅमेरा बंद दिसला की लगेच बटणं दाबत सुटू नका. आधी एक प्रश्न विचारा : यात जपून ठेवण्यासारखं काही आहे का? मारहाण, धमकी, दाराशी झालेला तमाशा असं काही चित्रित झालं असण्याची शक्यता असेल, तर कॅमेऱ्याची पिन काढा आणि मग आतलं मेमरी कार्ड काढून घ्या. पाकिटात घालून त्यावर तारीख, वेळ आणि कार्ड कोणी काढलं ते लिहा. दुरुस्तीसाठी नवं कार्ड वापरा. कार्ड संगणकात घातल्यावर तो कधीकधी "फॉरमॅट करू का?" असं विचारतो. तिथे "नाही"च म्हणायचं. काही कॅमेऱ्यांची कार्डं फक्त त्यांच्या ॲपमधूनच उघडतात, त्यामुळे संगणकावर काही दिसलं नाही म्हणजे कार्ड रिकामं आहे असं समजू नका. "हो" म्हटलंत तर मात्र असलेलं पुसलं जाईल.

यानंतर तीन प्रश्न याच क्रमाने विचारायचे. कॅमेऱ्याला वीज मिळते का? मिळत असेल तर तो फोनपर्यंत पोचतो का? पोचत असेल तर चित्रण साठतं का? निम्म्याहून जास्त काम या क्रमानेच होतं.

वीज

कॅमेऱ्यावर बारीक दिवा असतो. तो पेटलेला नसेल तर आधी बोर्ड बघा. त्याच सॉकेटमध्ये फोनचा चार्जर लावून बघा. सॉकेट ठीक असेल तर अडॅप्टर आणि वायर बघा. घरात वापरायच्या पुष्कळ छोट्या कॅमेऱ्यांना ५ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. किती अँपिअरचा, ते त्याच्यावर आणि पुस्तिकेत छापलेलं असतं. मूळचा हरवला म्हणून जुन्या फोनचा चार्जर लावला, की एक गंमत होते. कॅमेरा दिवसा चालतो आणि रात्री बंद पडतो. रात्री अंधारात बघण्यासाठी त्यातले अवरक्त दिवे लागतात, जास्त वीज ओढतात आणि ती पुरत नाही. बारीक, फार लांब वायर जोडली तरी हेच होतं. "रोज रात्रीच कसा बंद पडतो, कोणीतरी मुद्दाम करतंय," असा संशय घरात सुरू होतो, तेव्हा आधी अडॅप्टर बदलून बघा.

बाहेर लावलेल्या कॅमेऱ्यात पावसाळ्यात जोडावर पाणी शिरतं, तांब्याला हिरवा गंज चढतो. जोड डबीत ठेवावा आणि वायरला खाली थोडा झोल द्यावा, म्हणजे पाणी वायरवरून कॅमेऱ्यात न जाता खाली ठिबकतं. आणि लाईट जाते तिथे एक लक्षात ठेवा. कॅमेरा बॅटरीवर असला तरी राउटर बंद पडला की फोनवर काहीच दिसत नाही. राउटरसाठी छोटा बॅटरीचा डबा मिळतो, तो घेतलेला बरा.

फोनपर्यंत पोचणं

दिवा लागला आहे, पण ॲप "ऑफलाइन" म्हणतं. आधी बघा, फोनवर त्याच वायफायने दुसरं काही चालतं का? नसेल चालत तर रिचार्ज संपला असेल किंवा राउटर अडकला असेल. राउटरची पिन काढून अर्ध्या मिनिटाने परत लावा. पण एक ध्यानात घ्या. नेट गेलं तरी पुष्कळ कॅमेरे कार्डावर चित्रण चालू ठेवतात. फोनवर दिसत नाही म्हणून काही साठलंच नाही असं समजू नका.

नेट ठीक आहे आणि तरी कॅमेरा ऑफलाइन आहे, तर वायफायचा पासवर्ड किंवा राउटर कोणी बदलला आहे का ते विचारा. कॅमेरा बिचारा जुनंच नाव शोधत बसतो. दुसरं कारण असं, की राउटर दोन लहरींवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. स्वस्त कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांना फक्त २.४ची कळते. जोडताना फोन आणि कॅमेरा त्याच वायफायवर असले पाहिजेत. आणि मध्ये दोन जाड भिंती असतील तर कॅमेरा मधूनमधून तुटणारच.

शेवटचा उपाय म्हणजे रीसेट. बारीक बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायचं, आवाज आला की पुस्तिकेप्रमाणे परत जोडायचं. रीसेटने वायफायची माहिती पुसली जाते. पण पुष्कळ कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत तो पहिल्यांदा ज्या खात्यावर जोडला, त्या खात्याची नोंद कंपनीकडे तशीच राहते. त्या खात्यातून काढल्याशिवाय दुसऱ्याला तो जोडता येत नाही. याचा अर्थ काय, ते पुढे बघू.

साठवण

आता सगळ्यात फसवा बिघाड. फोनवर चित्र स्वच्छ दिसतं, सगळं ठीक वाटतं; पण मागचं बघायला जावं तर काही नाही. मेमरी कार्ड पुन्हापुन्हा लिहून झिजतं. बाजारात आकडा मोठा आणि जागा छोटी अशी नकली कार्डंही मिळतात. म्हणून सतत चित्रणासाठी बनवलेलं कार्ड पक्क्या दुकानातून घ्या आणि दर आठवड्याला कालचं चित्रण उघडून बघा. एक मिनिट लागतं. सिलेंडर बंद केला का हे जसं बघतो तसं हे.

कार्ड भरलं की कॅमेरा सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. सेकंदाला एक मेगाबिट या बेताच्या दराने दिवसाला साधारण ११ जीबी लागतात. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड पाच-सहा दिवस पुरतं. चित्र जास्त स्पष्ट ठेवलं तर त्याहून कमी. सोमवारी मारहाण झाली आणि बाई धीर करून पुढच्या मंगळवारी आली, तर ते पुसलं गेलेलं असू शकतं. तेव्हा घटना घडल्याबरोबर कार्ड बाजूला काढणं हे पहिलं काम.

कॅमेऱ्यावरची तारीख-वेळही तपासा. वेळ चुकीची असेल तर समोरचा वकील तेवढंच धरून बसेल. आणि रात्री चित्र पांढरंफटक दिसत असेल तर भिंगापुढे कोळ्याचं जाळं आहे का, कॅमेरा खिडकीच्या काचेमागे आहे का ते बघा. अवरक्त उजेड जाळ्यावरून, काचेवरून परत येतो. त्याला दुरुस्ती लागत नाही, झाडू लागतो.

खातं कोणाच्या नावावर?

इतकं सगळं तपासून कॅमेरा ठीक निघाला आणि तरी तो बंद होत असेल, तर मग माणसाकडे बघायचं. कॅमेरा दारावर बाईचा, पण ॲपचं खातं नवऱ्याच्या नंबरवर, असं पुष्कळ घरांत असतं. लावताना "तुला काय कळतंय" म्हणून त्याने आपल्या फोनवर लावलेला असतो. पुढे ती वेगळी झाली तरी कॅमेरा त्याच्या हातात राहतो. तो बसल्या जागी कॅमेरा बंद करू शकतो, चित्रण पुसू शकतो, आणि ती कधी बाहेर पडली, कोण आलं हे सगळं बघू शकतो. तिच्या राखणीला लावलेला कॅमेरा तिच्यावरच पहारा करतो.

म्हणून खातं तिच्या नंबरवर हवं. ॲपमध्ये "शेअर" केलेल्यांची यादी असते, ती उघडून बघावी. कॅमेरेवाल्याने ठेवलेला पासवर्ड त्याच्या समोरच बदलावा आणि आपल्या वहीत लिहावा. कंपनीने घालून दिलेला सोपा पासवर्ड तसाच ठेवला तर काय होतं ते जगाने पाहिलं आहे. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने असेच लाखो कॅमेरे आणि यंत्रं ताब्यात घेतली होती. २०२५ साली राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं बायकांच्या तपासणीचं चित्रण बाहेर येऊन विकलं गेल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातले तरुणही होते. त्या बायका तिथे उपचाराला गेल्या होत्या. आपण चित्रित होतोय हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

घरात सासरच्यांनी कॅमेरा लावलेला असेल तर आपण कार्यकर्त्यांनी उतावीळ होऊ नये. "काढून टाक" सांगणं सोपं आहे. तो बंद झाल्याबरोबर तिच्यावर हात उठू शकतो. आधी तिच्याशी त्या कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर बोला. तिला कुठे जाता येईल ते ठरवा, १८१ आणि ११२ हे नंबर पाठ करून घ्या. न्हाणीघर, कपडे बदलायची जागा अशा खाजगी ठिकाणी बाईचं चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७खाली गुन्हा आहे. आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं आहे. तो हक्क उंबरठ्याबाहेरच सुरू होत नाही, स्वयंपाकघरातही असतो.

कोर्टात

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. जुन्याच्या ६५ ब कलमाचं काम आता कलम ६३ करतं. चित्रणाची प्रत द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यात फाइलचा 'हॅश', म्हणजे अंक-अक्षरांचा ठसाही द्यावा लागतो. हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, ते सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली जुन्या कायद्याखाली सांगितलं होतं, तेही आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात. मूळ कार्ड आणि कॅमेरा जपला असेल तर हे सगळं सोपं जातं. म्हणून सुरुवातीलाच पाकिटाचं सांगितलं.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट या सगळ्याहून मोठी आहे. अलीकडे बाई तक्रार द्यायला गेली की "फुटेज आहे का?" हा प्रश्न पहिला येतो. नाही म्हटलं की तक्रारच हलकी ठरवली जाते. हे आपण चालू द्यायचं नाही. कॅमेरा बंद होता म्हणून मारहाण झाली नाही, असं होत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्यात कलम ३२ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे, की संरक्षण आदेशाचा भंग झाला हे न्यायालय एकट्या पीडित स्त्रीच्या साक्षीवरूनही ठरवू शकतं. बाईचा शब्द हा पुरावा आहे. कॅमेरा त्याला जोड देतो, त्याची जागा घेत नाही.

आता काम. प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतल्या दोघी-तिघींना हे तीन प्रश्न शिकवायचे : वीज, फोन, साठवण. केंद्रात एक जादा अडॅप्टर, एक चांगलं कार्ड आणि पाकिटं ठेवायची. ज्यांच्या दारावर कॅमेरा आहे त्यांच्याकडे जाऊन खातं कोणाच्या नंबरवर आहे ते तपासायचं. आणि आज इथे टेबलावर दोन बंद पडलेले कॅमेरे ठेवले आहेत. चहानंतर गट करा, स्टुलावर चढा, पिना काढा, कार्डं काढा. बिघाड तुम्हीच शोधायचा. मी बघत उभी राहणार आहे, हात लावणार नाही.