तालमीची भाषा, आरतीची भाषा



चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, पंधरा दिवसांवर आली की गोव्यातल्या आमच्या वाड्यावर आरतीच्या साथीची वाद्यं बाहेर निघतात. कोणी मातीच्या घुमटाचं कातडं नीट ताणलंय का ते पाहतो, कोणी शामेळ या तालवाद्याच्या काठ्या शोधतो, कोणी कासाळं, म्हणजे झांजा, पुसतो. सगळी गडबड कोंकणीतून. "आनीक एक फावट!" म्हणून चाल पुन्हा धरायची, आणि तोंडातून निघते ती मराठी आरती.

२०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या शंभरांपैकी सुमारे ६६ जणांनी मातृभाषा कोंकणी सांगितली, मराठी सुमारे ११ जणांनी. बोलण्यात जी थोड्यांची, ती देवापुढे घरोघरची. मला याचं फार अप्रूप आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी वापरात जागा मिळाली. कचेरीचं भागलं. तालमीचं नाही.

गेल्या वर्षी एका मुलाने विचारलं, "कोंकणींत आरती कित्याक ना?" म्हणजे, कोंकणीत आरती का नाही? आमचे एक काका घुमट खाली ठेवून निघूनच गेले. त्यांच्या वडिलांनी पोर्तुगीज अमलात हाताने उतरवलेली आरत्यांची वही त्यांच्याकडे आहे; मराठी अक्षरं त्यांना त्या वहीनेच शिकवली. मुलाचा प्रश्न त्यांना त्या वहीवर घाव घातल्यासारखा लागला.

पण मुलाचंही दुखणं खरं होतं. एका स्पर्धेत परीक्षक त्याच्या मराठी उच्चारांना सर्वांदेखत हसले होते. ताल चोख, चाल चोख. गुण कापले ते नाकातून येणाऱ्या स्वरांसाठी. मला याचा आजही राग येतो. अहो, पिढ्यान्‌पिढ्या कोंकणी जिभेनेच ही आरती जपली. त्या वळणाला अशुद्ध कसं म्हणायचं? आणि घुमटाला कोंकणी परकी थोडीच आहे! ख्रिस्ती घरांत मांडो आणि दुलपदं याच घुमटावर कोंकणीत रंगतात.

माझं म्हणणं एवढंच, की जुनी आरती आहे तशी राहावी आणि तिच्या शेजारी नवी बसावी.

यंदा त्या मुलाने स्वतः कोंकणी आरती रचली आहे. परवा तालमीला काका आले. शब्दांबद्दल अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या कडव्यात ताल ओढला जातोय, एवढंच म्हणाले, आणि काठ्या हातात घेऊन शामेळासमोर बसले.