बाळंतविडा आणि दवाखान्याची पिशवी

पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावें ही रीत छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजेच जुन्या औरंगाबादेंत, अजून पुष्कळ घरांतून पाळली जाते. सातवा महिना सरतां सरतां लेक घरीं येते. डिंक, खारीक, अळीव यांची जमवाजमव सुरू होते. जुन्या मऊ लुगड्यांचीं दुपटीं शिवावयास घेतलीं जातात. मात्र तीं दुपटीं पिशवींत भरून दाराशीं ठेवावीं असें कोणीं सुचविलें, कीं आजींच्या कपाळावर आठी उमटते. मूल जन्मास येण्यापूर्वीं त्याची तयारी मांडून ठेवणें त्यांना अशुभ वाटतें.

या भीतीला हंसणें सोपें आहे. परंतु ज्यांनीं रिकामे राहिलेले पाळणे पाहिले, त्या पिढीची ती भीति आहे. शिवाय तिच्या रिवाजांतच तोडगा आहे. बारशापर्यंत बाळास नवें वस्त्र घालूं नये, दुसऱ्या निरोगी मुलाचें जुनें झबलें घालावें, असा अनेक घरांचा प्रघात आहे. वारंवार धुऊन मऊ झालेलें सुती कापड नवजात कातडीला खळीच्या नव्या कापडाहून केव्हांहि चांगलें. तेव्हां पिशवींत नवें कांहींच भरूं नये. जुनेंच स्वच्छ धुऊन, कडक उन्हांत वाळवून भरावें. आजींचा शब्दहि राहतो.

पण पिशवीची एवढी निकड कां? सेरीन थॅडियस व डेबोरा मेन या संशोधक स्त्रियांनीं १९९४ सालीं मातामृत्यूंच्या मुळाशीं तीन विलंब दाखविले: जावें कीं न जावें हें ठरविण्यांतला, दवाखान्यापर्यंत पोहोंचण्यांतला आणि पोहोंचल्यावर उपचार मिळण्यांतला. रात्रीं दोन वाजतां पाणमोट फुटली, रक्त जाऊं लागलें, आणि चार माणसें कपाटाच्या किल्ल्या शोधीत राहिलीं, तर विलंबाचा आरंभ घरांतच झाला.

म्हणून पिशवींत सर्वांत वर कपडे नव्हेत, कागद असावेत: माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे व रक्ततपासणीचे अहवाल, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, आधार कार्ड, बँकेचें पासबुक. त्यांतहि रक्तगटाचा कागद अगदीं वर. आईचा गट आरएच निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर ७२ तासांच्या आंत आईला अँटी-डीचें इंजेक्शन द्यावें लागतें. तें चुकलें तर या बाळाला अपाय नाहीं. पुढच्या गर्भाच्या रक्तपेशींवर मात्र आईचेंच शरीर उलटूं शकतें. दवाखान्यांत गट पुन्हां तपासतात खरा, पण कागद हातीं असला कीं सावधगिरी पहिल्या क्षणापासून घेतां येते.

येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालचें. त्याचें रुग्णालय साऱ्या मराठवाड्यांत 'घाटी' या नांवानेंच ओळखलें जातें. अडलेल्या बायका दूरदूरच्या गांवांहून येथें पाठविल्या जातात. २०११ सालच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वयें शासकीय रुग्णालयांत प्रसूति, शस्त्रक्रिया, औषधें व रक्त मोफत आहे. साध्या प्रसूतीनंतर ३ दिवस आणि शस्त्रक्रियेनंतर ७ दिवस जेवणहि. सुशिक्षित घरांना हें आपल्याकरितां नव्हे असें वाटतें. परंतु खासगी प्रसूतिगृहांतून ऐन वेळीं मोठ्या रुग्णालयांत हलविण्याचा प्रसंग त्यांच्यावरहि येतो, आणि तेव्हां कागदांसह पिशवी बाईबरोबरच गाडींत चढली पाहिजे.

बाकीची यादी लहान आहे. आईला पुढून उघडणारे दोनतीन सैल गाऊन, पॅड, चपला, टॉवेल. बाळ ओलें जन्मतें व ओल्या अंगाची ऊब झपाट्यानें जाते. म्हणून दोन कोरडीं दुपटीं व टोपडें आधीं हाताला लागावें, वेलबुट्टीचें झबलें मागाहून. मधाची कुपी व घुटीचें साहित्य घरींच राहूं द्यावें. पहिल्या तासांत आईचा चीक मिळाला कीं बाळास दुसरें कांहीं लागत नाहीं. दागिनेहि घरींच बरे. शस्त्रक्रियेपूर्वीं ते उतरवावेच लागतात, आणि मग ते सांभाळण्यांत एक धडधाकट माणूस अडकून पडतें!

आठवा महिना संपण्यापूर्वीं पिशवी भरावी. रक्त देण्यास तयार असलेल्या दोघांचीं नांवें, गाडीसाठीं १०२ व १०८ हे क्रमांक, एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून तींत ठेवावे. दुपारीं घरांत बहुधा लेक व आजी दोघीच असतात. ती पिशवी उचलण्याची वेळ आजींवरच यावयाची. तेव्हां ती फार जड करूं नये.