काय प्यावे, किती प्यावे : बऱ्हाणपूरची साक्ष



वसंत व्याख्यानमालेत मद्यावर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण या विषयाला बऱ्हाणपूरइतके साजेसे गाव मला दुसरे दिसत नाही. तापीकाठच्या या गावात दोन मोगल शहजादे दारूपायी गेले : 1605 मध्ये अकबराचा मुलगा दानियाल आणि 1626 मध्ये जहांगीरचा मुलगा परवेझ.

दानियालची हकीकत जहांगीरनेच आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. शहजाद्याला दारू मिळू द्यायची नाही, असा अकबराचा सक्त हुकूम होता, म्हणून सासरा अब्दुर्रहीम खानखाना याने कडक पहारा बसवला. शहजादा नोकरांपुढे रडला, गयावया करू लागला. शेवटी एका बंदुकधाऱ्याने शहजाद्याच्याच आवडत्या बंदुकीच्या नळीत दोनदा गाळलेला अर्क भरून आत नेला. त्या जहाल अर्कात नळीतला गंज आणि बारुदीची काजळी उतरली. शहजाद्याने तो घेतला आणि अंथरूण धरले, ते कायमचेच. वय 32.

परवेझच्या पिण्याची गोष्ट इंग्रज वकील टॉमस रो याच्या रोजनिशीत सापडते. नोव्हेंबर 1615 मध्ये तो इथे आला, शहजाद्याला भेटला आणि नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची पेटी दिली. पुढची भेट ठरली होती, ती झालीच नाही. त्याच बाटल्यांनी शहजाद्याला आडवे केले, असे रोच्या कानावर आले.

जहांगीर स्वतः काही कमी पिणारा नव्हता. दोनदा गाळलेल्या अर्काचे दिवसाला 20 प्याले घेता घेता हात इतका कापू लागला की प्याला दुसऱ्याने तोंडाला लावावा लागे. हकीम हुमामने स्पष्ट बजावले, तेव्हा त्याने अर्कात द्राक्षासव मिसळून तो सौम्य केला आणि हळूहळू सहा प्याल्यांवर आला. व्यसन सुटले नाही, पण माप आले. भाऊ दानियालच्या आणि त्याच्या नशिबातला फरक मला या मापात दिसतो.

आपल्याकडे हे माप फार चुकते. व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा 42.8 टक्के लिहिलेले असते. म्हणजे 60 मिलीच्या एका लार्ज पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल सुमारे 26 मिली. 650 मिलीच्या आठ टक्के स्ट्राँग बिअरमध्ये ते 52 मिली, म्हणजे पुरते दोन लार्ज. आणि आपली पोरे मे महिन्याच्या उन्हात तीच बिअर ‘थंड असते’ म्हणून घटाघटा पितात! वाइनच्या 150 मिलीच्या ग्लासात साधारण 20 मिली. दुकानात ब्रँड विचारण्याआधी टक्के वाचा, एवढे एक केले तरी निवड निम्मी झाली.

उरलेली निम्मी निवड म्हणजे ते कशाचे आहे आणि कोणी केले, हे कळणे. इथे मला सातपुड्यातल्या मोहाबद्दल बोलायचे आहे, आणि जरा आपुलकीनेच. मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालचा पाचोळा झाडून ठेवतात. रात्रभर फुले गळतात आणि उजाडायच्या आत बायका-पोरे टोपल्या घेऊन हजर असतात. फूल मांसल, फिकट, गोड वासाचे. वाळले की मनुकेसारखे तांबूस होते. मग ते पाण्यात भिजत घालायचे, काही दिवसांत फसफसून आंबते. ते मडके चुलीवर चढते, वर थंड पाण्याचे भांडे. पाणी तापले की बदलायचे, नाहीतर वाफ हातची जाते. जाळ मंद हवा. पहिली धार सगळ्यात कडक म्हणून लोक मागतात, पण अगदी आधी जे उतरते त्यात नको ती, लवकर उडणारी द्रव्येही असतात. जाणकार तो सुरुवातीचा वाटा ओतून देतो.

मोह देवाला वाहतात, लग्नात आणि मर्तिकात वाटतात. या दारूने घरेही मोडली आहेत, हे मी झाकणार नाही. पण जानेवारी 2021 मध्ये मध्य प्रदेशातल्या मुरैन्यात वीसहून अधिक माणसे गेली, ती भेसळीच्या विषारी दारूने. मोहावर मात्र बंधने जुनीच : इंग्रज सरकारने 1892 च्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात मोहफुले गोळा करण्यावरच निर्बंध घातले. गावची भट्टी बंद, सरकारी गुत्त्याचा महसूल चालू. आता मात्र दिवस पालटत आहेत. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा देण्याचे ठरवले आणि अलिराजपूरच्या आदिवासी बचत गटाची ‘मोंड’ बाटलीबंद होऊन आली. खकनार-नेपानगरच्या जंगलातही मोह आहे. इथल्या बायकांना फुलांच्या भावापलीकडे बाटलीच्या किमतीतला वाटा का मिळू नये?

जे पीत नाहीत त्यांनी सुरू करावे, असे मी मुळीच म्हणत नाही. जे घेतात त्यांच्यासाठी एवढेच : मोह कोल्ड्रिंकमध्ये बुडवू नका. लहान ग्लासात 30 मिली घ्या, आधी नुसता वास घ्या, मग चमचाभर पाणी घाला आणि पुन्हा वास घ्या. कडकपणा मागे सरतो, फूल पुढे येते. सोबत भाजलेले शेंगदाणे असू द्या, आणि पोट रिकामे नको.