तांबे टिकले, राज्य गेले



कामगार चळवळीतल्या माणसाने आभासी चलनावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आमचे तरुण सभासद घामाचा पैसा त्यात घालू लागले आहेत आणि तो जपावा कसा, हे आम्हांला विचारतात. म्हणून जे वाचून समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

बिटकॉइनला ना नाणे, ना नोट. त्याची मालकी म्हणजे एक गुप्त संख्या, २५६ शून्य-एकांची. तीच किल्ली. ती हरवली तर नवी करून देणारी बँक नाही. मग ती पिढ्यान्‌पिढ्या ठेवायची कशावर? कागदाचा लगदा कसा होतो, हे सांगलीकरांनी २०१९ च्या महापुरात पाहिलेच आहे.

शास्त्रज्ञ म्हणतात, ती डीएनएवर लिहा. सजीवांच्या पेशीतल्या या लिपीत अक्षरे चारच: ए, सी, जी, टी. प्रत्येकात दोन अंक बसतात. म्हणजे १२८ अक्षरांत किल्ली मावते. असे धागे प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या जोडता येतात. २०१५ साली इंग्लंडचे शास्त्रज्ञ निक गोल्डमन यांनी दाव्होसला एका बिटकॉइनची किल्ली डीएनएत लिहून नळ्यांतून वाटली; वाचील त्याचे धन. तीन वर्षांची मुदत सरता सरता, जानेवारी २०१८ मध्ये, बेल्जियमच्या एका संशोधक विद्यार्थ्याने ती वाचली.

टिकाऊपणाची शंका नको. सैबेरियाच्या गोठलेल्या मातीतल्या मॅमथचे दहा लाख वर्षांपूर्वीचे डीएनए २०२१ साली वाचले गेले. मात्र त्याला थंडी आणि कोरडेपणा हवा. पाणी त्याचे धागे तोडते. म्हणून झुरिकच्या संशोधकांनी ते काचेच्या सूक्ष्म कणांत बंद करण्याची युक्ती काढली.

पण आमचा प्रश्न पुढचा आहे. मिरजेला चालुक्य राजा जयसिंहाचा शके ९४६ चा, म्हणजे इ. स. १०२४ चा ताम्रपट मिळाला. त्यावर गाव इनाम दिल्याचे कोरले आहे. अक्षर आजही लागते. पण तो घेऊन कुणी चावडीवर गेला, तर तलाठी सातबारावर नाव चढवील काय? तांबे टिकले, त्याला मानणारे राज्य गेले. बिटकॉइनची वही जगभरची हजारो यंत्रे चालवतात. ती चालेल तोवरच किल्लीला किंमत.

दुसरे असे की, धागा बनवणाऱ्याला किल्ली कळते. ती आधी सांकेतिक लिपीत लपवली, तर त्या लिपीची किल्ली ठेवायची कुठे?

यावर १९७९ सालीच आदी शामीर या गणितज्ञाने वाट दाखवली आहे. गुपिताचे पाच भाग करावेत. कोणत्याही तिघांनी मिळून ते उघडावे, दोघांना मात्र काहीच कळू नये. संघटनेचे बँकखाते एकट्याच्या सहीने चालू नये, हा आपला जुनाच दंडक.

म्हणून सभासदांना आमचे सांगणे दोनच. हे चलन स्वीकारण्याचे बंधन कुणावर नाही, त्याच्या किमतीची हमी सरकार देत नाही आणि २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर आहे. तेव्हा पोराबाळांच्या तोंडचा घास त्यात घालू नका. आणि जे काही ठेवाल, ते कुठे आहे हे घरच्या माणसाला ठाऊक असू द्या. वारसाला पत्ता नसल्यामुळे हक्काचा पैसा वर्षानुवर्षे अडकून पडलेली घरे आम्ही याच दोन जिल्ह्यांत पाहिली आहेत. तिथे डीएनए नव्हते, साधा कागदच होता. पण तो कुठे आहे हे बायकोला कुणी सांगितले नव्हते.