नामवंतांची साक्ष

नामवंतांच्या शब्दाला समाजात वजन असते. पुरावा मात्र वेगळाच लागतो. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा चौथ्या अवस्थेतील कर्करोग बरा होण्याचे श्रेय हळद, कडुनिंब, लिंबू आणि पथ्याला दिले. वास्तविक शस्त्रक्रिया व केमोथेरपीही झाली होती. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील २६२ आजीमाजी तज्ज्ञांनी अशा उपायांना पुरावा नसल्याचे जाहीर केले. छत्तीसगढमधील एका नागरी संस्थेने ८५० कोटींच्या भरपाईची नोटीस धाडली. आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच होता, असा खुलासा सिद्धूंनी मागाहून केला. परंतु खुलासा क्वचितच घरोघर पोहोचतो. भिलाईच्या जुनवानीत वैद्यकीय महाविद्यालय आहे. कडुनिंबावर विसंबून तेथे उशिरा येणाऱ्या रोग्याचे गमावलेले महिने मात्र कोण परत देणार?