परदेशातील नोकरी सुटल्यावर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ज्यातील मुलगा, सून, भाचा अथवा पुतणी अमेरिकेत नाही असे घर आपल्या मंडळात आता शोधावे लागेल. तेथे नोकरी लागली की आपण पेढे वाटतो. ती सुटली की मात्र घरातल्या घरातही वाच्यता होत नाही. या मौनाविषयी मला आज बोलावयाचे आहे, कारण त्याची किंमत दिवसांत मोजावी लागते.

‘एच-१बी’ हा परवाना नोकराच्या नावाचा असला तरी तो मालकाच्या अर्जावर उभा असतो. नोकरी गेली की तो आधार गेला. १७ जानेवारी २०१७ रोजी अंमलात आलेल्या नियमाने अशा नोकरास जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत दिली आहे. हे दिवस सलग मोजावयाचे. रविवार व सणवार त्यातून वजा होत नाहीत. आय-९४ या प्रवेशनोंदीवरील मुदत त्याआधी संपत असेल, तर सवलतही तेथेच संपते. ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सामान्यतः मोजणी सुरू होते. निरोपादाखल मिळालेल्या एकरकमी पैशाने ती पुढे जाते, अशा भरवशावर कोणी राहू नये. पत्नी व मुले एच-४वर असतील, तर त्यांचेही दिवस याच हिशेबात भरतात.

उत्तम मार्ग एकच. दुसऱ्या मालकाने मुदतीत नवा अर्ज दाखल केला, की निर्णयाची वाट न पाहता तेथे रुजू होता येते. परंतु त्या अर्जापूर्वी वेतनासंबंधीचा कागद श्रमखात्याकडून प्रमाणित व्हावा लागतो व त्यातच कामाचे सुमारे सात दिवस जातात. म्हणजे साठ दिवस हे नावाचेच साठ! ते न जमल्यास, जोडीदार स्वतः एच-१बीवर असेल तर एच-४, नाहीतर विद्यार्थी किंवा पाहुणा म्हणून राहण्यासाठी अर्ज करता येतो. तोही मुदतीतच पोहोचला पाहिजे, आणि पाहुण्याला पगार घेता येत नाही. काहीच न करता बेकायदा राहणे १८० दिवसांवर गेले, तर देश सोडल्यावर तीन वर्षे परत प्रवेश नाही. वर्ष भरले तर दहा वर्षे.

इतके सर्व ज्याच्या डोक्यावर आहे, तो मुलगा रविवारी दूरध्वनीवर आईला “काम जोरात चालले आहे” असे सांगतो. का? तर चुलत्यांच्या कानी जाईल, बहिणीचे जमत आलेले लग्न अडेल! ज्या आठवड्यात वकील गाठावयाचा, तो असा लपविण्यात जातो. आपल्या वधूवरसूचक वहीत ‘अमेरिकेत स्थायिक’ असे लिहिणाऱ्यांनी परवान्याचा प्रकारही लिहावा, अशी माझी सूचना आहे. काही पालक रागावतील, रागावोत बापडे. कोणत्या घरचा आधार किती दिवसांचा आहे, हे आधी माहीत असले तर मागाहून नवल वाटणार नाही.

परतावे लागलेच, तर एक गोष्ट ध्यानात असावी. मुदतीपूर्वी मालकाने काढून टाकले, तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च देऊ करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तो नोकराचाच, कुटुंबाचा नव्हे. आणि स्वतः राजीनामा दिला असता तोही मिळत नाही. तेव्हा कोणी राजीनाम्याचा मजकूर तयार करून पुढे ठेवलाच, तर सहीपूर्वी तो वकिलाच्या नजरेखालून घालावा.