कोरडा कान आणि जुने कागद
(मंडळाच्या मुल्लानपूर येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



परळच्या टाटा रुग्णालयाची परंपरा २०२२ साली होमी भाभा कर्करोग रुग्णालयाच्या रूपाने मुल्लानपुरात पोहोचली, याचा आपणां मराठी मंडळींस अभिमान वाटतो. आज मात्र आम्ही बोलणार आहो ते कानाविषयी. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य सरकारी नस्त्यांत गेले. परंतु उपचारानंतरची देखरेख हा विषय नस्त्यांनाही परका नाही.

मध्यकर्णात कधी त्वचेची गाठ वाढते. तिला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. तो कर्करोग नव्हे. तथापि हातोडी, ऐरण व रिकीब ही इवलीशी हाडे तो झिजवितो आणि उपेक्षा झाल्यास चेहऱ्याच्या मज्जातंतूस, क्वचित मेंदूसही अपाय करतो. शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेला कण धडधाकट दिसणाऱ्या पडद्याआड पुन्हा वाढू शकतो. म्हणून कान कोरडा झाला, एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही.

१९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि १९७९ साली हाउन्सफील्ड व कॉर्मॅक यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. शस्त्रक्रिया झालेल्या कानात हाड कोठे झिजले, बसविलेले कृत्रिम हाड सरकले काय, हे सीटी उत्तम दाखवितो. पोकळीत स्वच्छ हवा दिसली तर मोठाच दिलासा. परंतु तेथे करडी छाया दिसली, तर ती व्रणाची, पाण्याची की रोगाची, हे केवळ सीटीवरून बहुधा सांगता येत नाही. तेव्हा विशिष्ट पद्धतीचा एमआरआय उपयोगी पडतो. मात्र सुमारे तीन मिलिमीटरहून लहान गाठ त्यातूनही निसटू शकते. म्हणून ठराविक अंतराने पुन्हा पाहावे लागते. मुलांमध्ये हा रोग अधिक उलटतो. आणि सीटीत क्ष-किरण असल्याने तो त्यांच्यावर वारंवार करणे इष्ट नसते.

आपल्यापैकी अनेकांची नोकरी बदलीची. मुलाचा कान वाहायचा थांबतो, बदलीचा हुकूम येतो आणि पुढची तपासणी राहून जाते. नव्या गावच्या डॉक्टरांपुढे जुना स्कॅन नसेल, तर छाया जुनी की नवी, हे त्यांनी कसे ठरवावे? मागील कागद जोडल्यावाचून कचेरीतही प्रकरण पुढे सरकत नाही. शस्त्रक्रियेचा तपशील, कृत्रिम हाड बसविले असल्यास ते कशाचे आहे याची नोंद आणि सर्व स्कॅन एका पाकिटात ठेवावेत, व पुढील तपासणीची तारीख त्यावर लिहावी.

ते पाकीट बदलीच्या सामानात न बांधता आपल्या हाती ठेवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.